गेल्या-आल्याची नोंद

त्र्यंबकेश्वरास, काशीस किंवा गयेस जाऊन आलेल्या वाचकांपैकी पुष्कळांनी तीर्थोपाध्यायांची वही पाहिली असेल. आपले आडनाव व मूळ गाव सांगताच उपाध्ये आतून एक जुनी लांबट वही काढून आणतात, आणि तीत आपल्या आजोबांचे, क्वचित पणजोबांचेही हस्ताक्षर निघते. अमुक गावचे अमुक, सोबत मातुःश्री व बंधू, यात्रेस आले तो अमुक शके, अमुक मास. माणूस कोण, कोठून आला, केव्हा आला, कोणाबरोबर आला, यांची ती रीतसर नोंदच होय. परंतु ती पाहून कोणाच्या मनात पाल चुकचुकत नाही. उलट मन भरून येते. यात्रेकरूने ती नोंद आपल्या हाताने केलेली असते, ती कशासाठी हे त्यास ठाऊक असते, आणि ती कोणाच्या घरी राहणार हेही ठाऊक असते. उपाध्येपणाच्या वृत्तीचे वाटे पडले, ती गहाण पडली, तिच्यावरून कज्जे झाले, हे आम्हां वकिलांस चांगले माहीत आहे. पण वही एका घराण्यातून दुसऱ्यात गेली तरी तिचे काम बदलले नाही. पुढच्या पिढीस मागच्या पिढीची खूण पटवून देणे एवढेच ते काम.

दुसऱ्या एका प्रकारची वही असते. तीत आपण लिहीत नाही. आपल्याविषयी लिहिले जाते. प्रस्तुत लेखात आम्हांस तिचा इतिहास पाहावयाचा आहे, कारण आज ती वही आपण सर्वच जण खिशात घेऊन हिंडत आहोत आणि रात्री उशाशी ठेवून तिला वीजही पाजीत आहोत.

प्रजा कोठे जाते-येते हे राज्यकर्त्यास कळावेसे वाटते, ही गोष्ट काही इंग्रजांनी आणलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, 'अध्यक्षप्रचार' या दुसऱ्या अधिकरणात, मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी येतो. एक माषक घेऊन प्रवासाचा मुद्रांकित परवाना देणे हे त्याचे काम. परवान्यावाचून हिंडणाऱ्या जानपदास बारा पण दंड. त्याच अधिकरणात नगराची व्यवस्था सांगताना गृहस्थावर एक कर्तव्य घातले आहे. घरी कोण आला व घरातून कोण गेला हे त्याने कळवावे. न कळवले आणि त्या रात्री काही अपराध घडला तर दोषात तोही वाटेकरी. काही न घडता रात्र सुखरूप गेली, तरी तीन पण दंड आहेच. धर्मशाळेच्या चालकांनीही पाखंडी व वाटसरू यांस उतरून घेण्यापूर्वी वर्दी द्यावयाची. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांची नोंद ठेवण्याचे काम असे, तेही याच परंपरेतले. मात्र या साऱ्या व्यवस्थेचा रोख वाटेवर, वेशीवर आणि परक्यावर होता. घरी स्वस्थ बसलेल्या, ओळखीच्या माणसाच्या मागे रोज कोणी फिरावे इतके मनुष्यबळ कोणत्याच राजापाशी नव्हते. प्रजेचे स्वातंत्र्य पुष्कळसे या अडचणीवरच टिकून होते, असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजांनी या कल्पनेत एक भयंकर भर घातली. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि व्यक्तीऐवजी जातच्या जात नोंदवहीत घातली. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासही लागू झाली. त्याच्या दहाव्या कलमान्वये नोंदलेल्या जमातीच्या माणसास ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. राहण्याचे ठिकाण, त्यातील बदल, बदलण्याचा नुसता विचार, गैरहजेरी आणि गैरहजेरीचा बेत, हे सारे सरकारास कळवावे लागे. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथल्या वसाहती या कायद्याखाली चालल्या. सीमाभागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'सेटलमेंट' हा शब्द त्यातून रुळला. अपराध केला म्हणून ही हजेरी नव्हती. जन्मास आला म्हणून हजेरी होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि त्या जमाती तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कोणी कोठे जातो हे सांगण्याची सक्ती म्हणजे केवढा अपमान असतो, हे आपल्याच प्रदेशातल्या या लोकांनी प्रत्यक्ष अनुभवाने जाणले आहे. पांढरपेशा समाजास तो अनुभव नव्हता, म्हणूनच की काय, त्याला आज हा प्रश्न हलका वाटतो.

स्वतंत्र भारतात हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो खडकसिंगाच्या खटल्यात. उत्तर प्रदेशातील या गृहस्थास १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात पकडले होते. पुरावा नव्हता म्हणून सोडून दिले. परंतु पोलिसांनी त्याच्या नावे इतिहासपत्र, म्हणजे ज्याला पोलिसांच्या भाषेत हिस्ट्री शीट म्हणतात ते, उघडून ठेवले. त्याची तक्रार अशी की, चौकीदार व शिपाई रात्री-अपरात्री दारावर थाप मारून ओरडतात, घरात शिरतात, झोपेतून उठवतात. परगावी जावयाचे तर कोठे जाणार आणि केव्हा परतणार हे सांगून जावे लागते. उत्तर प्रदेश पोलीस विनियमांतील २३६ व्या विनियमात पाळतीचे प्रकार दिले होते. घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या घरभेटी, वेळोवेळी चौकशी, हालचाली व गैरहजेरी यांचे अहवाल, आणि दुसऱ्या ठाण्याकडे चिठ्ठ्या पाठवून त्यांची खातरजमा.

१८ डिसेंबर १९६२ रोजी, म्हणजे गोवामुक्तीस एक वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. चौघांच्या बहुमताने (त्यांत विदर्भातून आलेले न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर हेही होते) रात्रीच्या घरभेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरविल्या. बाकीची पाळत मात्र त्यांनी राहू दिली. त्यांचा युक्तिवाद दिसावयास सरळ आहे. पोलीस मागून चालला म्हणून पुढच्याचे पाय काही अडत नाहीत. तो हवे तेथे जाऊ शकतो. मग संचारस्वातंत्र्याचा भंग कोठे झाला? आणि खासगीपणा असा काही मूलभूत हक्क घटनेने दिलेला नाही.

न्यायमूर्ती सुब्बा राव व न्यायमूर्ती शहा या दोघांनी भिन्न मत नोंदविले. त्यांच्या मते सारा विनियमच रद्द व्हावयास हवा होता. पावलोपावली पाहिला जाणारा मनुष्य देहाने मोकळा असला तरी मनाने मोकळा नसतो, तो प्रत्येक पाऊल कचरत टाकतो, आणि अशा माणसाच्या संचारास स्वातंत्र्य म्हणता येत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आम्ही विधी महाविद्यालयात हा खटला शिकलो तेव्हा बहुमत पाठ केले आणि अल्पमत वाचले, कारण प्रश्नपत्रिकेत बहुमतच विचारीत. आज पाहता, टिकले ते अल्पमत.

पण त्याला पंचावन्न वर्षे लागली. मध्यंतरी १९७५ साली मध्य प्रदेशाच्या पोलीस विनियमांवरून असाच वाद उभा राहिला. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस तो गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने ठाऊक असेल. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी खासगीपणाचा हक्क असू शकतो हे गृहीत धरून चर्चा केली, विनियम मात्र कायम ठेवले, आणि राज्याने ते सुधारावेत असा सल्ला दिला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि खडकसिंग खटल्यात याविरुद्ध जे म्हटले ते चूक होते. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडही होते. चंद्रचूडांनी याच निकालपत्रात आणीबाणीतील १९७६ चा निर्णय, ज्यात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, चुकीचा म्हणून बाजूस सारला. पितापुत्रांचा असा प्रसंग न्यायालयीन इतिहासात विरळा. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचे स्वतंत्र निकालपत्र अधिक महत्त्वाचे. मोटार बोलावून देणाऱ्या उबर कंपनीस आपण कोठे असतो आणि वारंवार कोठे जातो हे ठाऊक असते, हे त्यांनी नाव घेऊन लिहिले. खडकसिंगाच्या दारातला चौकीदार येथे प्रथमच मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागला.

हा नवा चौकीदार काम कसे करतो, हे थोडे समजून घेणे अवश्य आहे, कारण त्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. आकाशातला उपग्रह आपल्याला पाहतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अमेरिकेच्या सैन्याने उभारलेल्या जीपीएस व्यवस्थेतले उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून केवळ वेळेचा संकेत देत असतात. देवळाच्या घंटेसारखे; कोणी ऐकले हे घंटेस कळत नाही. चार उपग्रहांचे संकेत ऐकून मोबाइल स्वतःच आपल्या जागेचे गणित मांडतो. पहिला उपग्रह १९७८ साली सोडला, व्यवस्था पुरती १९९५ साली झाली, आणि सामान्य जनतेसाठी संकेतात मुद्दाम घातलेली अस्पष्टता १ मे २००० च्या रात्री काढून टाकली. उपग्रह निर्दोष आहे. गणिताचे उत्तर हाती आल्यावर मोबाइलमधली ॲपे ते कोणास कळवतात, खरा प्रश्न तो. पुन्हा, जीपीएस बंद केले म्हणजे सुटलो असेही नाही. जवळपासच्या वाय-फाय यंत्रांची नावे आणि टॉवरांचे संकेत यांवरूनही जागा पुष्कळ अंशी कळते.

आता विजेरीची गोष्ट ऐका. मोबाइलचा दिवा लावून देणारे एक ॲप अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी उतरवून घेतले होते. दिवा लावावयास माणूस कोठे उभा आहे हे कळण्याची गरज नाही. तरी ते ॲप जागा टिपून जाहिरातवाल्यांच्या जाळ्यांस पुरवीत होते. एवढेच नव्हे, अटी मान्य आहेत की नाहीत हे वापरणाऱ्याने सांगण्यापूर्वीच माहिती बाहेर जाऊ लागे. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीशी तडजोड करून हा प्रकार थांबविला. सध्या ॲप बनविणारा सगळेच स्वतः लिहीत नाही. तयार तुकडे आणून जोडतो, आणि त्यांतला एखादा तुकडा दुसऱ्याच कोणाचा हेर असतो. या तुकड्यांतून जमलेली माहिती विकत घेणारे व पुन्हा विकणारे दलाल आहेत. त्यांचे गिऱ्हाईक कोण, हे बहुधा ॲपवाल्यासही सांगता येत नाही.

धर्मस्थळाशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांनी पुढचे प्रकरण विशेष लक्ष देऊन वाचावे. नमाजाच्या वेळा व किब्ल्याची दिशा सांगणारे 'मुस्लिम प्रो' नावाचे ॲप जगभर फार चालते. नोव्हेंबर २०२० मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने उघडकीस आणले की त्या ॲपमधून वापरणाऱ्यांची जागा एक्स-मोड नामक दलालाकडे जाते, आणि त्याच्या गिऱ्हाइकांमार्फत ती अमेरिकेच्या लष्करापर्यंत पोहोचते. ओरड झाल्यावर ॲपवाल्यांनी संबंध तोडले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच फेडरल ट्रेड कमिशनने त्या दलालाच्या वारसदार कंपनीस दवाखाने, धर्मस्थळे अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी केली. भाविकाने वेळ विचारली होती; तो कोणत्या मशिदीत जातो हे त्याने विकावयास दिले नव्हते.

ही परधर्मीयांची गोष्ट म्हणून कोणी सोडून देऊ नये. पंचांगाच्या ॲपासही सूर्योदय व राहुकाल सांगण्यासाठी स्थळ लागतेच. पण किती? पणजीच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम दहा किलोमीटर सरकले तर सूर्योदयात सुमारे बावीस सेकंदांचा फरक पडतो. अर्थात तालुक्याचे नाव सांगितले की पंचांगाचे काम भागले. आपण कोणत्या आळीत, कोणत्या घरात बसून पंचांग पाहतो हे त्यास कळण्याचे प्रयोजन नाही. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून 'अंदाजे जागा' देण्याची सोय आहे ती याचसाठी. ती वापरणारे किती, हा प्रश्न वेगळा.

'आम्ही नाव घेत नाही, केवळ आकडे घेतो' असा बचाव दलाल करतात. न्यायालयात असा बचाव उलटतपासणीत टिकणार नाही. जो मोबाइल रोज रात्री एका घरी झोपतो आणि दिवसा एका कचेरीत बसतो, त्याच्या मालकाचे नाव शोधावयास हेर लागत नाही, पोस्टमन पुरे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या, तेव्हा स्थळ व वेळ यांच्या केवळ चार जोड्यांवरून शेकडा ९५ माणसे गर्दीतून वेगळी काढता आली. सोमवारी कोणते देऊळ, गुरुवारी कोणता मठ, महिन्यातून एकदा कोणता दवाखाना, कोणत्या वकिलाची पायरी: माणसाचे आयुष्य एवढ्यावर ओळखू येते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कार्पेंटर नामक आरोपीच्या खटल्यात टॉवरच्या नोंदींचाच प्रश्न होता. पोलिसांनी वॉरंटशिवाय १२७ दिवसांच्या १२,८९८ जागा मिळविल्या होत्या. २२ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की अशा नोंदींस वॉरंट लागते. मोबाइल बाळगणारा ही माहिती खऱ्या अर्थाने स्वखुशीने देत नाही. आपल्याकडे खडकसिंगाचा प्रश्न नव्या वेषात आला तो फ्रँक वायटस या नायजेरियन नागरिकाच्या प्रकरणी. अमली पदार्थांच्या खटल्यात २०१४ पासून तो अटकेत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन देताना अट घातली की त्याने गूगलच्या नकाशावर खूण टाकून आपली जागा तपास अधिकाऱ्यास दिसेल अशी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने गूगल कंपनीसच विचारले की ही खूण काय करते. उत्तर आले की ती टाकणाऱ्याच्या हाती असते आणि तिने सतत माग काढता येत नाही. म्हणजे अट निरुपयोगी होती. परंतु न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान तेवढ्यावर थांबले नाहीत. ८ जुलै २०२४ च्या निकालात त्यांनी स्पष्ट केले की आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांस सतत नजर ठेवता येईल अशी कोणतीही अट जामिनास घालता येणार नाही. ती अनुच्छेद २१ चा भंग होय. जामिनाची कामे चालविणाऱ्या आम्हां मंडळींस या निकालाचे मोल अधिक वाटते, कारण मुचलका, हमीदार, ठाण्यावरची हजेरी यांच्या जोडीला 'लोकेशन' मागण्याची सवय खालच्या न्यायालयांत जडू लागली होती.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. अपघात झालेल्याने ११२ क्रमांक फिरविला आणि तो कोठे पडला आहे हे सांगता आले नाही, तर जागा कळलीच पाहिजे. अमरनाथच्या यात्रेकरूंस २०२२ पासून आरएफआयडी पट्टी देतात; डोंगरात माणूस हरवतो तेव्हा तिचा उपयोग आहे. पण उपयोग आहे म्हणून सक्ती योग्य ठरत नाही. २०२० च्या साथीत आरोग्य सेतू हे ॲप निघाले. १ मे रोजी केंद्राने ते सर्व कर्मचाऱ्यांस सक्तीचे केले आणि १७ मे रोजी ती सक्ती सैल करावी लागली. त्या वेळी अशा माहितीस आवर घालणारा संसदेचा स्वतंत्र कायदाच नव्हता. २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी होती. तीत पासवर्ड होते, आजार होते, बोटांचे ठसे होते, जागा नव्हती.

२०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. सहाव्या कलमात संमती कशी असावी हे सांगितले आहे: मोकळी, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त, आणि ज्या कामासाठी मागितली त्यास आवश्यक तेवढ्यापुरतीच. कलमाखाली उदाहरण आहे. दूरवैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने मोबाइलमधले सारे संपर्क मागितले आणि बाईंनी 'होय' म्हटले, तरी ते संपर्क सल्ल्यास अनावश्यक असल्याने त्यांपुरती संमती धरावयाची नाही. विजेरीच्या ॲपास हेच लावून पाहावे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. मात्र सतराव्या कलमाने सरकारास मुभा आहे की आपल्या हव्या त्या यंत्रणेस अधिसूचनेने या कायद्यातून वगळावे. दलालापासून गृहस्थाचे रक्षण करणाऱ्या कायद्याने चौकीदारासाठी मागचे दार उघडे ठेवावे, हे आम्हांस पटत नाही. पुट्टस्वामीच्या कसोटीवर ते दार किती टिकते हे न्यायालयात दिसेलच.

या कायद्याची एक बाजू आपल्या देवस्थान समित्यांच्या अद्याप ध्यानात आलेली दिसत नाही. माहिती गोळा करणारा तो मुंबईचा सावकार असो वा मठाचा विश्वस्त, कायद्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच जबाबदार. दर्शनाची वेळ, अभिषेकाची पावती, भक्तनिवासातली खोली यांसाठी पुष्कळ देवस्थानांनी ॲपे काढली आहेत, आणि ती बहुधा बाहेरच्या ठेकेदाराने करून दिलेली असतात. अशा ॲपात जागेची परवानगी मागितली आहे काय, मागितली असल्यास कशासाठी, ठेकेदाराने त्यात कोणाचे तयार तुकडे बसविले आहेत, आणि जमा झालेली माहिती किती दिवसांनी पुसली जाते, हे चार प्रश्न समितीने आपल्या इतिवृत्तात लेखी नोंदवून ठेकेदाराकडून लेखी उत्तर घ्यावे. ठेकेदाराच्या चुकीस उत्तर समितीनेच द्यावयाचे आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्य तरतुदींस अठरा महिन्यांची मुदत ठेवली होती; त्या हिशेबाने ती मे २०२७ मध्ये पुरी होते.